आधी छप्पर, मग कूलर

मार्च सरत आला, दुपारी वावटळी उठू लागल्या, की एका रात्री एवढे करून पाहा. जेवणे उरकली, भांडी घासून झाली, की बाजेवर उभे राहा आणि छताला खालून तळहात लावा. घर स्लॅबचे असेल तर सूर्य बुडून तीन तास झाले तरी छत कोमट नाही, चांगले गरम लागेल. हीच ऊब रात्रभर तुमच्या अंगावर उतरत असते. वरचा पंखा ती अडवत नाही, उलट झपाझप खाली लोटतो. पाळण्यातले पोर का किरकिरते, म्हातारी उठून वारंवार पाणी का पिते, आणि पहाटे चारला जेव्हा कुठे डोळा लागतो तेव्हा रानात जायची वेळ का झालेली असते, याचे उत्तर तुमच्या तळहाताला मिळालेले असते.

आपण मात्र उन्हाळा आला की बाजाराच्या दिवशी तालुक्याला जातो आणि कूलर पाहतो. चार पैसे जास्त हाती आले तर एसीचा भाव विचारतो. घरात ऊन वरून येते आणि आपण औषध खिडकीला लावतो! म्हणून आज तुमच्याशी यंत्रांविषयी बोलण्याआधी छपराविषयी बोलायचे आहे. छपरावर एकदा थोडा खर्च केला, तर यंत्र लहान लागते, कमी वेळ लागते, आणि काही घरांत तर लागतच नाही.

मराठवाड्यातल्या जुन्या माळवदाच्या घरात ज्यांचे बालपण गेले त्यांना वेगळे सांगायला नको. दोन-दोन हात रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. वैशाखातल्या दुपारी त्या घरात घोंगडी टाकून पडले की झोप लागे. मग ती घरे आपण सोडली का? नुसत्या हौसेने नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवा. आदल्या दिवशी गणपती बोळवून लोक दमून झोपले होते आणि चार वाजण्याच्या सुमाराला किल्लारी परिसराची धरणी हलली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे गेली, आणि त्यांतली बहुतेक स्वतःच्याच घराच्या भिंतींखाली आणि मातीच्या धाब्याखाली गेली. छत गळू नये म्हणून दर वर्षी पावसाळ्याआधी त्यावर नवी माती टाकायची आपली रीत. पिढ्यान्‌पिढ्या तो बोजा वाढत गेला होता आणि खाली त्याला धरून ठेवणारी जोड कच्ची होती.

त्यानंतर दगडमातीच्या घराचे भय मनात बसले आणि पत्रा आणि स्लॅब घरोघर आले. ते योग्यच झाले. भूकंपाची भीती असलेल्या भागात गारव्यासाठी छतावर पुन्हा मातीचे ढिगारे घालू नका, असे मी स्पष्ट सांगतो. कोणी कितीही म्हणो की आजोबा असेच करत. आपल्याला गारवा हवा, पण बिनवजनाचा.

तो कसा मिळेल हे पाहताना स्लॅब आणि पत्रा यांची जात वेगळी आहे, हे आधी ध्यानात घ्या. स्लॅब सावकाश तापतो आणि सावकाश निवतो. चार-पाच इंच काँक्रीट दिवसभर ऊन पिऊन ठेवते आणि दिवेलागणीनंतर ते घरात सोडू लागते. म्हणून स्लॅबच्या घरात दुपार एक वेळ निभते, पण रात्र काढवत नाही. पत्र्याचे उलटे. दहा वाजले की तो तापलाच, बारा ते चार आत माणूस भाजून निघतो, पण सूर्य मावळला की तासाभरात पत्रा गार. म्हणजे पत्र्याच्या घराला दुपारचा इलाज पाहिजे आणि स्लॅबच्या घराला असा इलाज पाहिजे की ऊन मुळात त्याच्या पोटात शिरूच नये.

स्लॅबसाठी सर्वांत स्वस्त इलाज तुमच्या गावच्या दुकानात पडून आहे, तो म्हणजे चुना. काळवंडलेला स्लॅब ऊन शोषतो, पांढरा स्लॅब ते परत आकाशाकडे पाठवतो. उन्हाळ्यात आपण पांढरे धोतर, पांढरा सदरा का घालतो? तोच न्याय घराला. दुपारी एक वाजता चुना लावलेल्या आणि न लावलेल्या स्लॅबवर अनवाणी पाय ठेवून पाहा, म्हणजे कोणाच्या पुस्तकाची साक्ष काढावी लागणार नाही. घराच्या आत यामुळे साधारण दोन ते पाच अंशांचा फरक पडतो. दोन अंश ऐकायला थोडे वाटतात. ताप आलेल्या पोराच्या आईला विचारा, दोन अंश म्हणजे काय!

चुना लावायचा तर शिमगा ते पाडवा या दिवसांत लावा. स्लॅब खराट्याने झाडून, धुऊन, शेवाळ खरवडून घ्या. भेगा असतील तर आधी सिमेंटने बुजवा, कारण चुना गळती थांबवत नाही. कळीचा चुना विरवणार असाल तर लोखंडी पिंपात विरवा. प्लास्टिकच्या बादलीत नको. तो खदखदतो आणि उडतो. पोरांना दूर ठेवा. चुन्याचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जातो, हे गंमतीने सांगत नाही. डोळ्यात उडालाच तर लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवा आणि दवाखाना गाठा. विरलेल्या चुन्याची तयार पूड मिळत असेल तर तीच बरी. पाण्यात कालवून, फडक्याने गाळून, ताकासारखे पातळ करा आणि धरून राहावा म्हणून त्यात थोडा डिंक किंवा सुतार वापरतात तो पांढरा गोंद घाला. स्लॅबवर पाणी शिंपडा आणि ऊन उतरल्यावर झाडूने पहिला हात द्या. वाळला की दुसरा हात पहिल्याला आडवा द्या. एका पातळ हाताने भागत नाही आणि एक जाड हात पापुद्रे धरतो.

पावसाळ्यात हा चुना हळूहळू उतरतो, पुढल्या वर्षी पुन्हा लावावा लागतो. तुम्ही म्हणाल, मग हिवाळ्यात घर थंड नाही का पडणार? थोडे पडेल. पण तोवर पावसाने आणि धुळीने रंग मळलेला असतो, आणि आपल्याकडे हुडहुडी महिना-दीड महिना, उकाडा चार महिने. दर वर्षीचा खटाटोप नको असेल आणि ऐपत असेल तर स्लॅबवर पांढऱ्या फुटक्या टाइलांचे तुकडे बसवून घ्या. पुष्कळ वर्षे टिकते, धुता येते आणि गळतीलाही आळा बसतो. पण वजन वाढते, म्हणून स्लॅब जुना असेल तर जाणत्याला दाखवल्याशिवाय हे करू नका.

हे खेड्यातल्या गरिबाचे जुगाड आहे, असे मात्र समजू नका. मे २०१० मध्ये अहमदाबादेत उष्णतेची मोठी लाट आली आणि त्या महिन्यात नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक माणसे जास्त दगावली. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेशी लढण्याचा आराखडा केला आणि पुढे झोपडवस्त्यांतली छपरे पांढरी करण्याचे कामही हाती घेतले. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४७ अंशांच्या वर जातो. तिथल्या माणसाला अहमदाबादेपेक्षा ऊन कमी लागते असे थोडेच आहे?

आता पत्र्याचे. पत्र्यावर चुना टिकत नाही. वाऱ्याने पापुद्रे उडतात आणि पहिल्या पावसात सगळा ओहोळून जातो. पत्रा घासून, त्याला धातूवर धरणारा अस्तराचा हात देऊन वर पांढरा रंग लावा. तरीही पत्र्याच्या घराचे खरे औषध आत आहे. पत्रा आणि माणूस यांच्या मध्ये एक पडदा पाहिजे. बांबूची तट्टी किंवा तुराट्यांचा ताट्या विणून, त्याला शेणमातीचा पातळ हात देऊन, पत्र्याखाली वीतभर जागा सोडून टांगा. वीतभर जागा सोडा म्हणतो ती मोकळी सोडा, आणि दोन्ही टोकांना वारा जायला झरोके ठेवा. तापलेली हवा तिथूनच बाहेर जाते. झरोक्यांना जाळी मारा, नाही तर उंदीर आणि त्यामागून साप मुक्कामाला येतील. दुकानदार थर्माकोलचे तक्ते दाखवील. चूल पेटणाऱ्या घरात थर्माकोल लावू नका. आग लागली तर ते वितळून पेटते ठिबकते आणि त्याचा धूर वाईट. कडबा किंवा पऱ्हाट्या पत्र्यावर पसरण्याची रीत काही ठिकाणी आहे. गार पडते खरे, पण चुलीच्या धुराड्याची एक ठिणगी पुरे.

पडदा आतून लावायचा नसेल तर सावली वरून करा, आणि ती स्लॅबलाही तितकीच चालते. रोपवाटिकेत वापरून झालेले, थोडे फाटके शेडनेट पुष्कळांच्या घरी गुंडाळून पडलेले असते. ते छताला चिकटवून टाकू नका. दीड-दोन फूट उंचीवर बांबू बांधून ताणा, म्हणजे मधून वारा खेळेल. मृगाच्या आधीची वादळे येण्यापूर्वी मात्र काढून ठेवा. एका वावटळीत बांबूसकट शेजाऱ्याच्या गोठ्यावर जाऊन पडलेले शेडनेट मी पाहिले आहे, आणि त्यावरून झालेले भांडणही. न्हाणीच्या सांडपाण्यावर दोडक्याचा नाही तर भोपळ्याचा वेल छतावर चढवला तर सावलीही होते आणि भाजीही. पश्चिमेची भिंत दुपारनंतर सर्वांत जास्त तापते, तिच्या बाजूला शेवगा लावा. भराभर वाढतो.

छप्पर झाले की घरातल्या एका जागेकडे पाहा, जिच्याकडे आपण पुरुषमंडळी सहसा पाहत नाही. स्वयंपाकघर बहुतेक वस्त्यांवर मागच्या पडवीत, ठेंगण्या पत्र्याखाली असते. वर पत्रा, समोर चूल, आणि मे महिन्यात तिथे दोन्ही वेळच्या भाकऱ्या थापणारी बाई. बैठकीच्या खोलीत पंखा असतो, कूलर असतो, तिथे एक झरोकाही नसतो. घरातला पहिला रुपया या जागेवर खर्च करा. पत्र्याला पांढरा रंग इथून सुरू करा. चुलीला धुराडे नसेल तर बसवा. भिंतीत अगदी वर, पत्र्यालगत, एक हात लांबीचा झरोका फोडा आणि जमले तर त्यात हवा बाहेर फेकणारा छोटा पंखा बसवा. उन्हाळ्यापुरती चूल अंगणात मांडवाखाली नेता आली तर त्याहून उत्तम. गॅस असलेल्या घरांतही हेच लागू आहे. गॅसने धूर गेला, आच गेली नाही.

एवढे झाल्यावर मग विजेचा हिशेब काढू. हजार वॅट एक तास जळले की एक युनिट. जुना छताचा पंखा साधारण ७५ वॅट खातो. उन्हाळ्यात तो पंधरा तास चालला तर दिवसाला सव्वा युनिटाला थोडे कमी, महिन्याला ३४ युनिटांच्या आसपास. नव्या ब्रशलेस मोटरचा पंखा, ज्याला दुकानदार ‘बीएलडीसी’ म्हणतात, तेवढाच वारा ३० वॅटच्या आसपास देतो. महिन्याला १३-१४ युनिटे. घरात तीन पंखे असतील तर महिन्याला ६० युनिटे वाचली. शंभर युनिटांच्या पुढे आपल्याकडे दर चढतो, म्हणून ही वाचलेली युनिटे महागातली असतात. हा पंखा कमी दाबाच्या विजेवरही बरा फिरतो आणि इन्व्हर्टरवर दुपटीहून जास्त वेळ चालतो. वीज रात्री-बेरात्री जाणाऱ्या गावात हाच मोठा लाभ. भिंतीवरचा जुना डब्यासारखा रेग्युलेटर त्याला जोडू नका, वायरमनकडून काढून घ्या. तो जुना डबा पंखा हळू करतो, पण वाचवलेली वीज स्वतःच तापून उडवतो. पंख्यांवर २०२३ पासून तारांकित पट्टी सक्तीची झाली आहे, ती वाचून घ्या. जास्त तारे, कमी वीज.

आता कूलर. इथे आधी माझीच फजिती सांगतो. स्लॅब पडल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी मोठ्या हौसेने मोठा कूलर आणला, खोलीच्या मधोमध ठेवला आणि गारवा बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्या-दारे घट्ट लावून घेतली. पहिला अर्धा तास स्वर्ग. मग भिंती ओलसर, पांघरूण दमट, अंग चिकचिकीत. वडील उशी उचलून अंगणात गेले ते महिनाभर आत आलेच नाहीत. चार दिवसांनी मी दुकानात भांडायला गेलो. तिथल्या कारागिराने एकच प्रश्न विचारला, ‘मागची खिडकी उघडी ठेवता का?’ कूलर पाणी वाफ करून हवा गार करतो. ती ओली हवा बाहेर जायला वाट नसेल तर खोलीत दमटपणा साठतो आणि घाम वाळेनासा होतो. म्हणून कूलर खिडकीबाहेर, सावलीत बसवा, बाहेरची कोरडी हवा त्याने ओढली पाहिजे. समोरची खिडकी किंवा दार अर्धे उघडे ठेवा. मृगाचा पाऊस पडून हवा दमट झाली की त्याचा उपयोग संपला, नुसता पंखा बरा. कोकणातल्या पाहुण्याने तुमचा कूलर पाहून तसा घेतला तर तो तुम्हाला शिव्या घालील.

वीज कूलर फार खात नाही, साधारण दीडशे-दोनशे वॅट. तो खातो ते पाणी. मोठा कूलर कोरड्या उन्हात ताशी दहा लिटरच्या आसपास पाणी पितो. सहा तास चालला तर साठ लिटर, म्हणजे चार-पाच घागरी. त्या घागरी कोणाच्या डोक्यावरून येतात? एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते. टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसणाऱ्या गावात दिवसभर कूलर चालवणे मला तरी पटत नाही. छप्पर पांढरे असेल तर तोच कूलर दुपारचे दोन-तीन तास चालवून भागते. टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासा आणि वाळवा, नाही तर डेंग्यूचे डास घरातच पैदा होतील.

आणि विजेचा धक्का. दर उन्हाळ्यात लोखंडी कूलरला चिकटून कोणी ना कोणी गेल्याची बातमी येते, बहुधा लहान मूल किंवा पाणी भरणारी बाई. तीन पिनांचाच प्लग, अर्थिंग खरोखर जमिनीत गेलेले आहे याची खात्री, आणि पाणी भरण्याआधी प्लग उपसून बाहेर. नुसते बटण बंद करून भागत नाही. गळती होताच वीज तोडणारे यंत्र मीटरपाशी बसवून घेतले तर कूलरच्या एका भागाच्या खर्चात घर सुरक्षित होते.

एसीविषयी थोडक्यात. दीड टनाचा एसी जोरात चालताना तासाला दीड युनिटाच्या आसपास घेतो, म्हणजे वीस जुने पंखे एकदम लावल्यासारखे. तापल्या पत्र्याखाली तो लावणे म्हणजे फुटक्या मोटेने पाणी उपसणे. घरात दुखणाईत माणूस आहे म्हणून घ्यायचाच असेल तर आधी ती खोली वरून सावलीत आणा, फटी बुजवा, आणि २६ अंशांवर ठेवून सोबत पंखा सावकाश फिरवा.

उन्हाळ्याचे झाले, पण घरातली ऊर्जा हिवाळ्यातही जळते, ती न्हाणीत. वीस लिटरची बादली थंडीतल्या वीस अंशांवरून पंचेचाळीसपर्यंत न्यायला विजेचे अर्ध्या युनिटाहून थोडे जास्त लागते. पाच माणसे म्हणजे रोजची तीन युनिटे, आणि बंब असेल तर रोज एक मोठी मोळी. ऐपत असेल तर सूर्यबंब बसवा. चार-पाच माणसांना शंभर लिटरचा पुरतो. तो दक्षिणेकडे तोंड करून बसवायचा आणि झाडाची सावली पडणार नाही असे पाहायचे. पाणी क्षाराचे असेल तर नळ्यांत खार धरते, हे विकणारा सांगत नाही.

आणि ऐपत नसेल तर तुमच्या शेतातच उपाय आहे. ठिबकची मोटर दुपारी सुरू केली की लॅटरलमधून पहिले पाणी कसे चटका देणारे येते, ते तुम्हाला ठाऊक आहेच. सोळा मिलिमीटरची, छिद्रे नसलेली साधी काळी नळी शंभर मीटर घ्या. तिच्यात चौदा-पंधरा लिटर पाणी मावते. तिचे वेटोळे करून दक्षिणेकडच्या उन्हात छतावर ठेवा. वर एखादी जुनी काच किंवा पारदर्शक प्लास्टिक मिळाले तर झाका. एक टोक टाकीला, दुसऱ्याला न्हाणीतला नळ. सकाळच्या आंघोळीला हे पाणी मिळणार नाही, रात्रीत ते थंड होते. पण शाळेतून आलेल्या पोरांचे हातपाय, बाळंतिणीची दुपारची धुणी आणि चार वाजता रानातून परतणाऱ्या माणसाची आंघोळ त्यावर होते. पिण्यासाठी किंवा स्वयंपाकासाठी ते वापरू नका. नळ उघडताना पहिले पाणी बादलीत पडू द्या आणि हात घालून पाहा. फेब्रुवारीनंतर ते पोळण्याइतके तापते, म्हणून चुना लावायला छतावर चढाल त्याच दिवशी ही नळी गुंडाळून खाली आणा.